रेम्ब्रांटचं एचिंग विकत घेण्याआधी ठसा कसा वाचावा

एका टेबलावर एकाच प्लेटचे, म्हणजे चित्र कोरलेल्या एकाच तांब्याच्या पत्र्यावरून छापलेले, दोन ठसे शेजारी ठेवलेले मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा संग्रह म्हणजे काय हे मला कळलं. चित्र होतं डच चित्रकार रेम्ब्रांटचं 1648 सालचं, दारात उभ्या भिकाऱ्यांच्या कुटुंबाला भीक घालणारा घरमालक. पाठीवर बाळ बांधलेली बाई हात पुढे करते आहे आणि नाणं तिच्या हातात पडतंय. रेघ न् रेघ तीच, सही तीच, साल तेच. पण पहिल्या ठशात दारामागे घर होतं, घरातला गारवा जाणवत होता. दुसऱ्यात दारामागे नुसता करडा पट्टा. पहिला प्लेट ताजी असताना काढलेला, दुसरा शंभरेक वर्षांनी झिजलेल्या तांब्यावरून काढलेला. किमतीत जमीन-अस्मानाचा फरक होता, आणि तो रास्तच होता.

या लेखात मला मुख्यतः हेच सांगायचं आहे. एचिंग, म्हणजे आम्लाने कोरलेल्या पत्र्यावरून छापलेलं चित्र, घेताना आपण चित्र घेत नसतो, ठसा घेत असतो. एका प्लेटचे शेकडो ठसे जगात असतात आणि प्रत्येकाची प्रकृती वेगळी असते. ती ओळखायला डोळा, भिंग आणि धीर लागतो. पैशांची गरज त्यानंतर.

आधी तांब्याशी ओळख

ज्यांनी कधी प्लेटवर काम केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर मेण आणि राळेचा पातळ थर देतात. त्यावर सुईने चित्र काढलं की सुई जाईल तिथला थर निघून तांबं उघडं पडतं. पत्रा आम्लात बुडवला की उघड्या रेघा खाल्ल्या जातात, त्यांच्या खाचा होतात. मग थर पुसायचा, खाचांत शाई भरायची, वरची शाई पुसायची, ओलसर कागद ठेवायचा आणि रुळांच्या दाबाखालून काढायचा. कागद खाचेत शिरतो आणि शाई उचलून आणतो. म्हणून एचिंगमधली रेघ कागदावर किंचित उठून दिसते, आणि पत्र्याच्या कडेचा दाब चौकटीसारखा उमटतो. त्या दाबाला प्लेटमार्क म्हणतात.

रेम्ब्रांट (1606 ते 1669) एवढ्यावर थांबला नाही. तो आम्लाशिवाय, थेट सुईने तांबं ओरबाडायचा. यालाच ड्रायपॉइंट म्हणतात. ओरबाडताना खाचेच्या काठाला तांब्याची बारीक किनार उभी राहते, तिला बर म्हणतात. बर शाई धरून ठेवतो, त्यामुळे ठशात रेघेभोवती मखमलीसारखी काळी साय येते. पण ती किनार कमालीची नाजूक. काही डझन ठशांतच ती दाबाखाली मोडते. रेम्ब्रांटचा चांगला ठसा आणि थकलेला ठसा यांतलं अर्ध्याहून जास्त अंतर या बरमध्ये असतं.

जमत असेल तर एकदा एखाद्या प्रिंटमेकिंग स्टुडिओत बसून प्लेट पुसताना पाहा. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात हा विषय शिकवला जातो, आणि अनेक शहरांत लहान खासगी स्टुडिओ आहेत. एकदा हाताला शाई लागली की पुढची पानंच्या पानं वाचण्याचे कष्ट वाचतात.

पहिली पायरी: निदान सहा महिने काहीही विकत घेऊ नका

हे ऐकायला जड जातं, पण पहिला उत्साहच सगळ्यात महाग पडतो. या काळात फक्त पाहा. ॲमस्टरडॅमच्या रिक्सम्यूझियमने आपले ठसे मोठ्या रेझोल्यूशनमध्ये, मोफत उतरवून घेता येतील असे ठेवले आहेत. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमची नोंदही नेटवर आहे. एकच चित्र दोन्हीकडून उघडून शेजारी लावा आणि एकेक कोपरा पडताळा.

सुरुवात 1643 सालच्या ‘तीन झाडं’ या निसर्गचित्राने करा. डावीकडे वरून तिरक्या कोसळणाऱ्या पावसाच्या रेघा आहेत. टेकडीच्या माथ्यावर एक इवलासा चित्रकार बसला आहे. खाली पाण्याकाठी गळ टाकून बसलेला माणूस आहे. आणि उजव्या कोपऱ्यातल्या दाट झुडपात एक जोडपं दडलेलं आहे. ते जोडपं किती वेळाने दिसतं आणि झुडपाच्या काळोखात किती थर वेगळे काढता येतात, हे प्रत्येक ठशात तपासा. अशा वीस-पंचवीस चित्रांचा अभ्यास झाला की विक्रेत्याचा फोटो पाहताच डोळ्याला काहीतरी खटकायला लागतं. ते खटकणं हीच कमाई.

युरोपात जाणं झालं तर ॲमस्टरडॅमला रेम्ब्रांटच्या जुन्या घरातलं संग्रहालय चुकवू नका. त्याच्या एचिंगचा जवळजवळ संपूर्ण संच तिथे आहे आणि छपाई कशी होते ते करून दाखवतात. मोठ्या संग्रहालयांत ‘प्रिंट रूम’ असते. आधी वेळ मागून घेतली, तर खरा ठसा समोर टेबलावर आणून ठेवतात. काचेशिवाय, हातभर अंतरावरून. परदेशात राहणाऱ्या कितीतरी मराठी मंडळींना ही सोय माहीतच नसते. त्यासाठी विद्वान असावं लागत नाही, ओळखपत्र आणि स्वच्छ हात पुरतात.

दुसरी पायरी: यादीची भाषा शिकून घ्या

विक्रीच्या यादीत ‘बार्टश 176’ असं लिहिलेलं असतं. व्हिएन्नाचा अभ्यासक ॲडम बार्टश याने 1797 मध्ये रेम्ब्रांटच्या एचिंगना 375 पर्यंत क्रमांक दिले. त्यातली बरीच पुढे शिष्यांची किंवा इतरांची ठरली, पण क्रमांक टिकले आणि बाजार आजही तेच वापरतो. त्याच्या आधी 1751 मध्ये पॅरिसचा चित्रविक्रेता जेर्सें याची सूची आली होती. एखाद्या कलावंताच्या सगळ्या कामाची पद्धतशीर सूची करण्याची प्रथा तिच्यापासूनच सुरू झाली. आज प्रमाण मानतात ती 2013 ची ‘न्यू होलस्टाइन’ सूची. तिच्यात 314 एचिंग आहेत आणि प्रत्येक स्टेटचं वर्णन आहे.

स्टेट म्हणजे प्लेटची अवस्था. कलावंताने, किंवा पुढच्या कुणीही, प्लेटवर रेघ वाढवली, खोडली, कापली, की नवी स्टेट. रेम्ब्रांट प्लेटला कधी संपलेली मानतच नसे. 1653 सालच्या ‘तीन क्रूस’ या चित्राच्या चौथ्या स्टेटमध्ये त्याने जवळपास सगळी गर्दी खरवडून काढली आणि वरून काळोखाचा पडदा टाकला. तीच प्लेट, पण चित्र दुसरंच झालं. त्यामुळे यादीत ‘तिसरी स्टेट, पाचपैकी’ असं दिसलं की पहिला प्रश्न विचारा: ही स्टेट रेम्ब्रांटच्या हातची की त्याच्या मृत्यूनंतरची?

काही शब्द लाल दिव्यासारखे लक्षात ठेवा. ‘आफ्टर रेम्ब्रांट’ म्हणजे त्याच्या चित्रावरून दुसऱ्याने केलेली नक्कल. ‘रीस्ट्राइक’ म्हणजे मूळ प्लेटवरून फार उशिरा काढलेला ठसा. ‘लाइफटाइम इम्प्रेशन’ म्हणजे त्याच्या हयातीतला ठसा. हा शब्द विक्रेते सढळ हाताने वापरतात, म्हणून आधार काय ते लेखी मागा.

आणि सहीवर भाळू नका. सही प्लेटमध्येच कोरलेली असते. सुरुवातीच्या कामांवर ‘आरएचएल’ अशी गुंफलेली अक्षरं, पुढे ‘रेम्ब्रांट एफ’. प्लेटचा प्रत्येक ठसा ती सही घेऊनच येतो, नक्कलही. पेन्सिलीने सही करून ‘12/50’ असा आकडा घालण्याची रीत फार नंतरची. सतराव्या शतकातल्या ठशावर कोणी तसं दाखवलं तर तिथेच थांबा.

तिसरी पायरी: प्लेटचा प्रवास समजून घ्या

या पायरीवर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण बाजारात तुमच्या-माझ्या आवाक्यात येणारे बहुतेक ठसे याच प्रवासातून आलेले असतात.

1656 मध्ये रेम्ब्रांटचं दिवाळं निघालं. त्याच्या बऱ्याच प्लेट ॲमस्टरडॅमचा चित्रविक्रेता क्लेमेंट दे योंग याच्याकडे गेल्या. तो वारल्यावर 1679 मध्ये केलेल्या यादीत सत्तरहून अधिक प्लेट नोंदलेल्या आहेत. पुढे त्या हातोहात फिरत पिटर दे हान या संग्राहकाकडे, 1767 च्या लिलावानंतर पॅरिसला क्लोद-आंरी वातले याच्याकडे, आणि त्याच्या मृत्यूनंतर 1786 मध्ये प्रकाशक बासां याच्याकडे पोहोचल्या. वातलेने काही प्लेटवर स्वतः हात फिरवला. बासांने झिजलेल्या प्लेट डागडुजी करून संच छापले. एकोणिसाव्या शतकात ज्यां आणि बेर्नार या छापणाऱ्या घराण्यांनी त्याच प्लेटवरून पुन्हा ठसे काढले. 1906 मध्ये प्लेट आल्व्हां-बोमाँ याच्याकडे आल्या. 1938 मध्ये अमेरिकेतल्या रॉबर्ट ली हंबर यांनी हा अठ्ठ्याहत्तर प्लेटचा संच घेतला, आणि 1993 मध्ये तो फुटून जगभर विखुरला. 2000 नंतर त्यातल्या आठ प्लेटवरून पुन्हा नवे ठसेही काढले गेले.

म्हणजे ‘मूळ प्लेटवरून काढलेला, अस्सल रेम्ब्रांट’ हे वाक्य खरं असूनही फसवं असू शकतं. तो ठसा 1640 चा असेल, 1790 चा असेल, नाहीतर तुमच्या मुलीच्या वयाचा.

‘शंभर गिल्डर’ (गिल्डर हे डच नाणं) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रसिद्ध चित्राची कथा तर जिवाला लागते. रोग्यांच्या गर्दीत उभा ख्रिस्त, साधारण 1648 चं काम. थकलेली प्लेट इंग्लंडमध्ये कॅप्टन विल्यम बेली याच्या हाती आली. त्याने 1775 मध्ये ती पुन्हा कोरली, शंभर ठसे काढले आणि मग प्लेटचे चार तुकडे करून तेही वेगवेगळे छापले. ते तुकडे आजही विक्रीला येतात. मला विचाराल तर ते बेलीचं काम म्हणून घ्यावं, रेम्ब्रांटचं म्हणून नाही.

चौथी पायरी: कागद

नक्कल करणारा रेघ हुबेहूब आणू शकतो. कागद त्याला सहसा साधत नाही. ठसा उजेडासमोर धरला की जुन्या हातकागदात साच्याच्या तारांच्या रेघा दिसतात, एका दिशेने दाट आणि आडव्या दिशेने दोन-अडीच सेंटिमीटरच्या अंतराने. याला लेड कागद म्हणतात. तारांच्या रेघा नसलेला, एकसंध दिसणारा वोव्ह कागद युरोपात 1757 च्या सुमारास आला. म्हणजे वोव्ह कागदावरचा ठसा रेम्ब्रांटच्या हयातीतला असूच शकत नाही. एवढी एक कसोटी लावली तरी निम्मा बाजार गळून पडतो.

मग वॉटरमार्क, म्हणजे उजेडासमोर धरल्यावर कागदात दिसणारं चिन्ह. विदूषकाची टोपी, स्ट्रासबुर्गची लिली, ॲमस्टरडॅमचं तीन फुल्यांचं राजचिन्ह ही वारंवार भेटणारी. पण नुसतं चिन्ह दिसलं म्हणून हुरळू नका. टोपी आणि राजचिन्ह पुढची कित्येक दशकं चालू होती. चिन्हाचा नेमका आकार, टोपीची टोकं, तारांमधलं अंतर हे सगळं नोंदलेल्या नमुन्याशी जुळावं लागतं. एरिक हिंटरडिंग यांनी रेम्ब्रांटच्या कागदांवर आयुष्य घातलं आणि 2006 मध्ये त्याची तीन खंडांत नोंद आली. कॉर्नेल विद्यापीठाने हे चिन्ह टप्प्याटप्प्याने ओळखायची सोय नेटवर केली आहे. लहान चित्रं मोठ्या तावातून कापलेल्या तुकड्यांवर छापत, त्यामुळे वॉटरमार्क नसणं हा दोष नाही.

साधारण 1647 पासून रेम्ब्रांट जपानी कागदही वापरू लागला. पिवळसर, रेशमी, शाई अलगद धरणारा. तो डच व्यापारी कंपनीच्या जहाजांतून यायचा. याच कंपनीची वखार त्या काळात आपल्या वेंगुर्ल्यात होती, हे आठवलं की मला हा इतिहास परका वाटत नाही. त्याच जहाजांच्या काळात मुघल लघुचित्रंही हॉलंडला पोहोचली होती. रेम्ब्रांटने त्यांच्यावरून सुमारे पंचवीस रेखाटनं केली, तीही जपानी कागदावर. चार शेख झाडाखाली बसले आहेत असं एक मुघल चित्र त्याने उतरवलं, आणि 1656 च्या ‘देवदूतांचा पाहुणचार करणारा अब्राहम’ या एचिंगमध्ये तीच बैठक आली. पाहुणे खुर्चीत नाहीत, जमिनीवर बसले आहेत. भारतातल्या संग्राहकाला एकच रेम्ब्रांट घ्यायचा झाला तर माझं मत या चित्राला.

पाचवी पायरी: ठसा हातात आल्यावर

दहापट भिंग, मिलिमीटरची पट्टी, लहान टॉर्च. एवढंच सामान.

आधी भिंग. रेघ बारीक ठिपक्यांची बनलेली दिसली तर तो छापखान्यातला फोटो, विषय संपला. रेघ सलग असेल तर टॉर्च आडवी धरून उजेड बाजूने टाका. शाई कागदावर उठून दिसते का ते पाहा.

पण इथे एक खोल खड्डा आहे. पॅरिसच्या आमां-द्युराँ याने 1870-80 च्या सुमारास उत्तम ठशांवरून फोटोच्या साहाय्याने तांब्याच्या प्लेट बनवल्या आणि त्यांच्यावरून ठसे काढले. यांत प्लेटमार्क आहे, उठावदार शाई आहे, सगळं आहे. मागे बऱ्याचदा लहान लाल शिक्का असतो, पण तो खोडलेलाही असतो. माझी पहिली खरेदी अशीच होती. एका दुकानदाराने ‘जुना अस्सल ठसा’ म्हणून दिला. घरी मोजला तर सूचीतल्या मापाशी जुळेना, कागदाची मागची बाजू फारच स्वच्छ, आणि लाल शिक्क्याच्या जागी कागद खरवडून पातळ केलेला. विचारल्यावर पैसे परत मिळाले नाहीत, कारण पावतीवर ‘रेम्ब्रांट’ एवढंच लिहिलं होतं. तेव्हापासून मी पावतीवर सूचीचा क्रमांक, स्टेट, छपाईचा अंदाजे काळ आणि ‘चूक निघाल्यास रक्कम परत’ एवढं लिहून घेतल्याशिवाय पैसे देत नाही. आमां-द्युराँचे ठसे त्याच नावाने, त्याच किमतीला मिळाले तर जरूर घ्या. अभ्यासाला ते फार चांगले.

मापं घ्यायची ती प्लेटमार्कची, कागदाची नव्हे. ओला कागद सुकताना आकसतो, म्हणून एखाद-दोन मिलिमीटरचा फरक चालतो.

मग झीज. दाट छायेच्या जागा पाहा, टोपीखाली, दाराच्या आत, झाडाच्या पोटात. चांगल्या ठशात काळोखातही एकावर एक रेघा सुट्या दिसतात. थकलेल्या प्लेटमध्ये बारीक रेघा आधी जातात आणि उरलेल्या मिसळून धुरकट डाग होतो. चेहऱ्यावरच्या सगळ्यात नाजूक रेघा राहिल्यात का ते पाहा. कधीकधी रेम्ब्रांट प्लेट पूर्ण पुसत नसे, वर शाईचा पातळ पडदा ठेवी. 1654 च्या सुमाराच्या ‘ख्रिस्ताचं दफन’मध्ये तो पडदाच चित्राचा प्राण आहे. पण नंतरच्या छापणाऱ्यांनी झीज झाकायलाही हीच युक्ती वापरली. शाईच्या धुक्याखाली रेघ जिवंत आहे का, हे भिंगाने बघावं लागतं.

शेवटी कागद उलटा करा. मागची बाजू खोटं बोलत नाही. जुन्या अल्बममध्ये ठसा अडकवणाऱ्या कागदी पट्टीच्या, म्हणजे बिजागरीच्या खुणा, पातळ झालेल्या जागा, मधली घडी, भरलेली भोकं, शाईने केलेली डागडुजी तिथेच दिसते. लहान गोल शिक्का असेल तर तो जुन्या संग्राहकाचा. फ्रिट्स लुख्टने 1921 मध्ये अशा खुणांची सूची केली, ती आज पॅरिसच्या फोंदासियों कुस्तोदियाने नेटवर खुली ठेवली आहे. चांगल्या संग्राहकाची खूण म्हणजे ठशाचा वंशवृक्षच. कडा प्लेटमार्कपर्यंत कापलेल्या असतील तर घाबरू नका, सतराव्या शतकातल्या ठशांत ते नेहमीचं आहे. प्लेटमार्कच्या आत कापलं असेल तर मात्र किंमत उतरली पाहिजे.

सहावी पायरी: कुठून, कितीला

इंटरनॅशनल फाइन प्रिंट डीलर्स असोसिएशनचे सभासद, आणि क्रिस्टीज, सदबीज, न्यूयॉर्कचं स्वान, बर्लिनचं बासेंगे अशी लिलावघरं. नेटवरच्या खुल्या बाजारात मी रेम्ब्रांट शोधत नाही, निदान पहिली पाच वर्षं कोणी शोधू नये. लिलावात बोली लावण्याआधी ‘कंडिशन रिपोर्ट’, म्हणजे ठशाच्या स्थितीचा अहवाल मागा, आणि उजेडासमोरचा, आडव्या उजेडातला, मागच्या बाजूचा असे तीन फोटो. मिळाले नाहीत तर बोली नाही.

दराचा आवाका प्रचंड आहे. 1655 सालच्या ‘लोकांसमोर उभा केलेला ख्रिस्त’ या ड्रायपॉइंटला 2018 मध्ये लंडनला 26 लाख पौंडांहून जास्त आले. दुसऱ्या टोकाला अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले लहान ठसे काही शे ते काही हजार डॉलरमध्ये मिळतात. हातोडा पडतो त्या आकड्यावर लिलावघराची दलाली साधारण पाव हिस्सा किंवा जास्त, मग विमा, पाठवणी आणि इथला सीमाशुल्क. हे सगळं धरून आपली मर्यादा आदल्या रात्री कागदावर लिहा.

भारतातून पैसे पाठवताना रिझर्व्ह बँकेच्या लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीमखाली माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. ठरावीक रकमेपुढे टीसीएस हा कर आधीच कापला जातो, बँकेत आधी विचारून घ्या. आणखी एक गोष्ट फार कमी जण सांगतात. 1972 च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू येतात आणि त्या खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. पुढे परदेशात विकायचा विचार असेल तर ठसा भारतात आणण्याआधीच वकिलाशी बोला.

पैसे थोडे असतील तर माझा आग्रहाचा सल्ला असा. मरगळलेला रेम्ब्रांट घेण्यापेक्षा त्याच काळातल्या दुसऱ्या हाताचा ताजा ठसा घ्या. हार्लेमचा आद्रियान फान ओस्टाडे, रेम्ब्रांटचा तरुणपणीचा सोबती यान लिव्हन्स, शिष्य फर्डिनांड बोल. ओस्टाडेच्या शेतकऱ्यांच्या खोल्यांत खिडकीतून येणारा उजेड चांगल्या ठशात पाहिला की डोळा तयार होतो, आणि तो डोळाच पुढे रेम्ब्रांट निवडतो.

सातवी पायरी: आपल्या हवेत जपणूक

युरोपातली पुस्तकं आपल्या जुलैविषयी बोलत नाहीत. मुंबई-कोकणात हवेतली आर्द्रता कागदावर तपकिरी ठिपके आणते, आणि कसर शाईपेक्षा कागदातली खळ खायला येते. ठसा मधे चौकोन कापलेल्या आम्लमुक्त सुती बोर्डात ठेवा, जपानी कागदाच्या बिजागऱ्यांनी, गव्हाच्या स्टार्चच्या खळीने, फक्त वरच्या कडेला. सेलोटेप कधीही नाही. अख्खा ठसा बोर्डावर चिकटवणं तर नाहीच नाही. तो बोर्ड आम्लमुक्त पेटीत, पेटी आतल्या भिंतीशी असलेल्या कपाटात. बाहेरच्या भिंतीला लागून ठेवलेलं लोखंडी कपाट पावसाळ्यात घामेजतं. सोबत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं लहान यंत्र ठेवा. काटा 45 ते 55 टक्क्यांत असावा. डांबरगोळ्या कागदाच्या पेटीत टाकू नका.

भिंतीवर लावायचा झाला तर अतिनील किरणं अडवणारी काच, उजेड मंद, साधारण 50 लक्स (लक्स हे उजेडाचं माप), आणि वर्षातून तीन-चार महिनेच. ठिपके दिसले तर घरी ब्लीच करायला जाऊ नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धनाचं केंद्र आहे, तिथे सल्ला मागता येतो.

प्रत्येक ठशामागे एक वही-पान ठेवा. माप, कागद, वॉटरमार्कचा उजेडासमोरचा फोटो, मागच्या खुणा, पावती, आणि त्या दिवशी तुम्हाला त्यात काय दिसलं ते दोन ओळीत. गणपती गेले, हवा कोरडी व्हायला लागली की पेटी उघडा, हात धुऊन पुसून घ्या आणि वहीतल्या नोंदीशी ठसा ताडून पाहा. नवा ठिपका, वळलेली कडा, कसरीचं बारीक भोक काही दिसलं तर तारीख घालून त्याच पानावर लिहा.